‘मग सोडून दे ना!’

लार्सन अँड टुब्रो कंपनीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचा व्हिडिओ जानेवारी 2025 मध्ये सगळीकडं फिरला. आठवड्याला 90 तास काम करा, घरी बसून बायकोकडं किती वेळ बघत बसणार? जर्मनीत श्टुटगार्टमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर दोन दिवस नुसते विनोद चालले होते. मला त्या वाक्यातली बायको खटकली. ती घरीच असणार, हे धरूनच चाललंय. स्वतः 90 तास राबणारी बाई बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढं नसावीच. सरकारच्याच 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटं निघाली, पुरुषांची 88. ती मिनिटं 90 तासांत कुठं बसवायची, ते कुणी सांगितलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 2024 मध्ये, पुण्यात एका बड्या ऑडिट कंपनीतली 26 वर्षांची सीए मुलगी गेली. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. कामाच्या ओझ्यानं ती खचली, असं तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना पत्रात लिहिलं. कंपनीनं ते नाकारलं. अर्थमंत्री निर्मला सीतारामन दडपण झेलण्यासाठी लागणाऱ्या आतल्या बळाबद्दल बोलल्या आणि टीकेच्या धनी झाल्या. पण त्यांना नावं ठेवणारे माझे कित्येक नातेवाईक आणखी सोपा प्रश्न विचारत होते: ‘एवढं होतं तर सोडली का नाही?’

मला राग येतो तो या प्रश्नाचा. आपल्याकडं मुलगा ऑफिसबद्दल कुरकुरला, की त्याला सांगतात, ‘दुसरी बघ.’ लग्न झालेली मुलगी कुरकुरली, की तिला सांगतात, ‘मग सोडून दे ना. कशाला जिवाला त्रास करून घेतेस? घर चालतंय की!’ मायेनंच सांगतात. पण त्याला साहेब बदलायचा सल्ला मिळतो आणि तिला पगार सोडायचा. ज्या बाईनं सासरी दहा वेळा पटवून नोकरी टिकवलीय, ती मग घरी तोंडच उघडत नाही. साहेब सगळ्यांसमोर ओरडतो, रात्री अकराला फोन करतो, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलेलं असतं. ‘विषारी ऑफिस कसं ओळखावं’ असे लेख वाचायची तिला काही गरज नसते. गरज असते ती ‘सोडून दे’ न म्हणता ऐकून घेणाऱ्या माणसाची.

इथं जर्मनीत ‘आमच्याकडं असलं काही नसतं’ असं सांगायची आपल्या लोकांना मोठी हौस. असतं की! बाळंतपणानंतर मी अर्धवेळ कामावर परत आले. इथं नोकरी करणाऱ्या जवळपास निम्म्या बायका अर्धवेळच काम करतात, त्यामुळं त्यात नवल काही नाही. टीम लीडनं महत्त्वाच्या बैठका नेमक्या माझी वेळ संपल्यावर ठेवायला सुरुवात केली. आवाज कधीच चढला नाही, उलट मधाळ बोलणं. कर्मचाऱ्यांनी निवडलेली ‘बेट्रिब्सराट’ नावाची समिती असते, तिथं गेले. समोरच्या बाईनं माझं रडगाणं थांबवलं आणि म्हणाली, वही घाल. तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं. बाकी एक शब्द नको. माझ्या वहीत मग अशा नोंदी होत गेल्या: ‘मंगळवार. बैठक 16.30 ला. माझे तास 15 ला संपतात, कॅलेंडरवर दिसतं.’ ‘गुरुवार. माझ्या स्लाइड, सादर केल्या दुसऱ्यानं. हजर चौघं.’ ‘इतिवृत्त पुन्हा मीच.’ सुटी नोंद वाचली तर अगदीच चिल्लर, कुणीही हसून सोडून देईल. पानभर झाल्यावर समितीतल्या कुणाला हसू आलं नाही. बैठका दुपारी आल्या. स्लाइडचं मात्र काही जमलं नाही, आणि दुसरी नोकरी हातात आल्यावर मी निघाले. तोवर निघाले नाही, कारण इथं आपण होऊन राजीनामा दिला आणि तसं सबळ कारण दाखवता आलं नाही, तर बेकारी भत्ता 12 आठवडे रोखतात.

माझ्या हातात इथं राहण्याचा कायमचा परवाना होता, हेही सांगायला हवं. ब्लू कार्डावर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या परवान्यावर, नुकत्याच आलेल्या मुलीची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला तिच्याकडं साधारण 3 महिने असतात. जर्मन भाषा बी-1 या मधल्या पातळीपर्यंत आली तर 21 महिन्यांनी कायमचा परवाना मिळतो. आमच्या ग्रुपमधली एक जण त्या 21 महिन्यांसाठी दात-ओठ खाऊन बसलीय आणि फोनवर आईला ‘मस्त चाललंय’ सांगते. कायदा चांगला, वही घालायचा सल्लाही चांगला, पण तिला तूर्त दोन्ही परवडत नाहीत.

आता आपल्याकडचं. 2013 च्या कायद्यानं 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नेमावी लागते, पण ती लैंगिक छळापुरती. अपमान, श्रेय लाटणं, मध्यरात्रीचे मेसेज तिच्या कक्षेत येत नाहीत. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलं. खासगी विधेयकांचं पुढं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. उलट सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं खासगी आस्थापनांत कामाची रोजची मर्यादा 9 वरून 10 तासांवर न्यायला मान्यता दिली.

आणि निघायचं ठरवलं तरी रिलिव्हिंग लेटर, म्हणजे जुन्या कंपनीनं कामातून मोकळं केल्याचं पत्र, आडवं येतं. 90 दिवसांची नोटीस इथं जर्मनीतही अनेक करारांत असते, म्हणून नुसत्या नोटिशीला मी दोष देणार नाही. पण नोकरी सोडताना कामाचा दाखला मिळणं हा इथं कायदेशीर हक्क आहे, आणि नवा मालक तीन महिने थांबतो. हिंजवडीतल्या माझ्या मामेबहिणीला नवी कंपनी 30 दिवसांत ये म्हणते, जुनी 90 दिवस सोडत नाही, आणि पत्र त्याच साहेबाच्या मर्जीवर, ज्याच्यापासून तिला पळायचंय. महिला दिनाला तिच्या कंपनीनं ताण हलका करण्यासाठी योगाचं शिबिर ठेवलं होतं. त्यापेक्षा शेवटच्या दिवशी ते पत्र देणं सक्तीचं केलं, तर तिच्यासारख्या निम्म्या मुली पुढच्या तिमाहीत दुसरीकडं रुजू होतील.