बाबासाहेब काय फ्लॅट गहाण टाकून गेले होते?

'जागतिकीकरणाच्या जमान्यात देशी डिग्री म्हणजे रद्दी' हा फॉरवर्ड गेले दोन महिने बडोद्यातल्या आमच्या सगळ्या मराठी ग्रुपांवर फिरतोय, मी आपला न वाचता पुढे जायचो. पण परवा मावशीचा फोन, धाकट्याला कॅनडाला पाठवायचं म्हणून दांडिया बाजारातला फ्लॅट गहाण ठेवतेय, "अरे त्यात सगळं लिहिलंय, वाच की." वाचलं बाई.

पहिला मुद्दा, देशी डिग्री बाहेर कोणी विचारत नाही. आणि त्याच मेसेजात चार ओळी खाली, "बाबासाहेबसुद्धा परदेशातच शिकले ना?" अहो, 1913 ला ते कोलंबियाला गेले तेव्हा हातात मुंबई विद्यापीठाची बीए होती, ती काय विलायती होती? आणि खर्च सयाजीराव महाराजांचा, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, वर परत येऊन संस्थानात नोकरी करायचा करार. फ्लॅट कोणाचा गहाण पडला होता त्यात? बडोद्यात बसून हे उदाहरण असं उलटं वापरायचं म्हणजे कमाल आहे. आपल्या एमएसयूतून, म्हणजे इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून, 1971 ला फिजिक्सची बीएस्सी करून शास्त्रज्ञ वेंकी रामकृष्णन अमेरिकेत पीएचडीला गेले, 2009 ला नोबेल, तेही केमिस्ट्रीचं.

दुसरा मुद्दा खरा घातक. 'दोन वर्षांचा डिप्लोमा, मग वर्क परमिट, मग पीआर पक्का.' पीआर म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी. कॅनडा सरकारनं 22 जानेवारी 2024 ला स्वतः जाहीर केलं की त्या वर्षी नवे स्टडी परमिट 3 लाख 60 हजारांच्या आसपासच, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा 35 टक्के कमी. आणि सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम भाड्यानं घेऊन चालवणाऱ्या खासगी कॉलेजांत नव्यानं शिकायला जाणाऱ्यांना वर्क परमिट बंद. आता मावशीच्या टीपॉयवरचं ऑफर लेटर मी चष्मा लावून बघितलं, वर सरकारी कॉलेजचं नाव ठळक, आणि खाली कॅम्पसच्या पत्त्यात बारीक अक्षरात दुसऱ्याच खासगी कॉलेजचं. झालं की नाही! वर्क परमिटच नाही तर पीआर कुठून पक्का, आणि तसंही पीआरला वय, इंग्रजी, अनुभव असे पॉइंट लागतात, डिप्लोमा घेतला की कोणी हातात ठेवत नाही.

'पार्टटाइममध्ये कर्ज फिटतं' यावर काय बोलू. टर्म चालू असताना कॉलेजबाहेरच्या कामाला आठवड्याला 24 तासांची मर्यादा आहे, त्यात खोलीचं भाडं निघालं तरी पुष्कळ.

शेवटचा मुद्दा, गिफ्ट सिटीत, म्हणजे गांधीनगरजवळच्या त्या नव्या वित्तीय वसाहतीत, परदेशी विद्यापीठं आली, एमएसयूला टाळं लागणार. यात अर्धं खरं आहे, मान्य. डिकिन आणि वोलोंगाँग ही ऑस्ट्रेलियन विद्यापीठं 2024 पासून तिथे खरंच शिकवतायत आणि आमच्या एमएसयूचे हाल मलाही दिसतात. पण डिकिननं सुरुवात केली ती सायबर सिक्युरिटी आणि बिझनेस अ‍ॅनालिटिक्सच्या मास्टर्सनं, तिथे संस्कृत, फाइन आर्ट्स नि होम सायन्स कोण शिकवणार? जिथे पगार मोठा तेवढेच कोर्स उचललेत.

मावशीला म्हटलं, अलकापुरीतल्या त्या एजंटकडून एकच ओळ लिहून घे, या कॅम्पसवर शिकून वर्क परमिट मिळतं की नाही. तीन दिवस झाले, सर मीटिंगमध्ये आहेत.