ओघवती शिल्लक नाही

लेख मुदतीत पाठवला होता, फोटो पाठवला होता. तरी विशेषांकाच्या कचेरीतून फोन आलाच. पलीकडे एक तरुण, भयंकर कार्यक्षम आवाज.

"सर, तुमची लेखनशैली राहिलीय."

"कुठे?"

"परिचयाच्या चौकटीत. चार ओळी तुम्हीच लिहून द्या. फक्त तृतीयपुरुषी लिहा, म्हणजे आम्ही लिहिल्यासारखं वाटतं."

स्वतःला 'ते' म्हणायचं आणि वर स्वतःच भारावून जायचं. म्हटलं, ओघवती लिहा आणि मोकळे व्हा.

"ओघवती शिल्लक नाही, सर."

मला वाटलं, रेंज गेली.

"एका पानावर एक विशेषण एकदाच, असं संपादकांनी सांगितलंय. ओघवती कादंबरीवाल्या मॅडमना गेली. खुसखुशीत तुमच्या वरच्या चौकटीत आहे."

"अहो, वर प्रवासवर्णन आहे! विनोदी लेख माझा आहे!"

"हो, पण त्यांनी आधी कळवलं ना. तुम्हाला प्रासादिक देऊ? नाहीतर चिंतनशील आहे. ते कोणीच घेतलेलं नाही."

"मी चिंतन करत नाही हो."

"चालेल सर, कोण तपासतंय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मार्मिक एकांनी सांगून ठेवलंय, पण त्यांचा फोटो अजून आलेला नाही. संध्याकाळपर्यंत नाही आला तर तुमच्या नावावर टाकतो."

म्हणजे स्वतःच्याच शैलीसाठी मी वेटिंगवर! आणि संताप याचा, की माझ्या तोंडून "बघा ना, जमलं तर" असं अजिजीने निघून गेलं.

फोन ठेवल्यावर रागाच्या भरात खरंखुरं लिहायला बसलो. 'ते लिहायला बसण्याआधी नखं कापतात. नखं संपली की कपाट आवरतात. पहिला परिच्छेद दिवसभर गोंजारतात आणि संध्याकाळी उडवतात. "बरं का" त्यांच्या लेखात किती वेळा येतं, हे त्यांची पत्नी मोजते आणि पाहुण्यांना सांगते.' हे चौकटीत मावलं असतं, पण छापलं कोणी असतं?

माझं म्हणावं असं माझ्या लेखनात एकच आहे, अर्धविराम. वाक्य संपवायची इच्छा नसते आणि दम तर लागलेला असतो. तिथे तो उपयोगी पडतो. मराठीला त्याची मुळात सवय नव्हती. मोडी लिहिणारे आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढत आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जात. शब्द कुठे तुटतो, हे वाचणाऱ्याने बघून घ्यावं. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज साहेबाने मराठीत विरामचिन्हं रुजवली. पूर्णविराम टिकला, स्वल्पविराम टिकला. अर्धविराम मात्र दिसला की आमचे मुद्रितशोधक तांदळातल्या खड्यासारखा वेचून काढतात. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे चौदा आणि १९७२ चे आणखी चार. त्यांतल्या एकातही अर्धविराम दिसताच ठार करावा, असं म्हटलेलं नाही.

बरं, नुसता काढून थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. गेल्या अंकात त्या जागी उद्गारचिन्हं घातली होती! विचारलं, तर उत्तर आलं, "विनोद आहे हे वाचकाला कळायला नको का?" म्हणजे शैली मोडायची यांनी, आणि तिचं वर्णन चार ओळींत, तेही कौतुकाने, करून द्यायचं मी. फुकटात. वर ऱ्हस्व-दीर्घ मीच तपासून द्यायचं, कारण "तुम्हाला सवय आहे, सर."

शेवटी म्हटलं, मानधनाचंही एकदा विचारून घ्यावं. स्वतःहून फोन केला. तो क्षणभर थांबला. बहुधा यादी वरखाली करून बघत असावा.

"सर, त्याचा कॉलमच नाहीये."

छापखानेवाल्याचा असणार, कागदवाल्याचाही असणार. प्रासादिक लिहून छापखानेवाल्याला एकदा कोणी वाटेला लावून दाखवावंच.