३१ नंतर थांबू नका, पुढे २५६ आहे!
वर्तुळावर १, २, ३... असे बिंदू घेऊन प्रत्येक दोन बिंदू सरळ रेषेने (म्हणजे जीवेने) जोडले की वर्तुळाचे किती भाग पडतात, त्याची १, २, ४, ८, १६, ३१ ही मालिका एका लेखात दिलीय, पण खरी गंमत पुढेच आहे. ५७, ९९, १६३ आणि १० बिंदूंना परत २५६, म्हणजे २ चा घात! हा योगायोग नाही हो. प्रत्येक जीवा एक भाग वाढवते, आतला प्रत्येक छेदबिंदू अजून एक, (तीन जीवा एका बिंदूत छेदायच्या नाहीत एवढं बघायचं), आणि हे सगळं मोजलं की उत्तर येतं पास्कलच्या त्रिकोणातल्या (ज्यात कडेला १ आणि आतली प्रत्येक संख्या वरच्या दोन संख्यांची बेरीज असते) एका ओळीच्या, जितके बिंदू तितक्याच संख्या असलेल्या ओळीच्या, पहिल्या पाच संख्यांची बेरीज. ५ बिंदूंपर्यंत ती ओळ पूर्ण मावते (आणि पूर्ण ओळीची बेरीज दर ओळीला दुप्पट होते) म्हणून दुप्पट दुप्पट, सहाव्याला शेवटचा १ सुटतो म्हणून ३१, आणि १० ला बरोब्बर अर्धी ओळ, ५१२ च्या निम्मे. काय सुंदर आहे हे!