बरोबर उत्तरावर लाल फुली

आज लेकीची इंग्रजीची वही पाहिली आणि डोकंच फिरलं. 'दोन कप साखर'साठी तिने 'टू कपफुल्स' लिहिलेलं. त्यावर लाल फुली, शेजारी दुरुस्ती: 'कप्सफुल'. अर्धा मार्क गेला. मार्काचं सोडा हो, पण बरोबर उत्तरावर फुली?

कपफुल म्हणजे कपात मावेल तेवढा जिन्नस. स्पूनफुल, हँडफुल, माउथफुल, बकेटफुल सगळे त्याच घराण्यातले. मोजायचा तो जिन्नस, म्हणून अनेकवचनाचा 'एस' शेवटी. दोन कप खरंच भरून ओट्यावर मांडले असतील तर ते 'टू कप्स फुल', दोन सुटे शब्द आणि 'फुल'ला दोन 'एल'. एकाच कपाने दोनदा साखर घातली तर कपफुल्स, तिथे 'एल' एकच.

माझ्या आजीला इंग्रजीचा गंध नव्हता, तरी तिला हे चुटकीसरशी कळलं असतं. निफाडकडच्या घरी ती अंगणात बाजरी मोजायला बसे. पहिलं माप ओतताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन... दर वेळी तळहाताने शीग उतरवायची. सोळा पायल्या झाल्या की मण. अंगणात पायली एकच, आणि बाजरी सोळा पायल्या!

'कप्सफुल'ही शब्दकोशांत सापडतं, मान्य. मग दोन्ही चालतात म्हणा ना. फुली कशाला?

शिवाय कप म्हणजे किती, हे कोण सांगणार? अमेरिकन कप साधारण २३७ मिली, मेट्रिक कप २५०. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली, ऑस्ट्रेलियात २०. आजीची पायली निदान गावात सगळ्यांना ठाऊक होती.

लिहिता लिहिता बाईंवरचा राग जरा उतरलाय. एवढ्या वह्यांचा ढीग, त्यांच्याकडूनही कुणीतरी असंच घोकून घेतलं असणार. पण लेक दुपारपासून विचारतेय, "आई, मग मी चुकले का गं?" नाही गं बाई, अजिबात चुकली नाहीस.

मूठभर, चिमूटभर, ओंजळभर, सूपभर हे ऐकतच आपली पोरं मोठी होतात. माझ्या मित्रयादीत नाशिकचे बरेच शिक्षक आहेत, म्हणून कळकळीने सांगते. वर्गात एक वाटी आणि एक पातेलं न्या. त्याच वाटीने दोनदा पाणी ओता. वाट्या किती आणि पाणी किती, ते पोरांनाच विचारा. नियम मग फळ्यावर लिहा.