हार्टुंगचे फटकारे आणि चौकटी

पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात २०१९-२० मध्ये भरलेल्या जर्मन-फ्रेंच अमूर्त चित्रकार हान्स हार्टुंगच्या सिंहावलोकनी प्रदर्शनावरील माझ्या लेखाला आपण दोन हरकती घेतल्या आहेत. कागदावरची छोटी रेखाटने चौकटी आखून कॅनव्हासवर मोठी करणाऱ्याला मुक्त फटकाऱ्यांचा अग्रणी म्हणणे ही प्रेक्षकांची फसवणूक आहे, ही पहिली. आणि त्याने हे सारे अमेरिकन अमूर्त चित्रकार जॅक्सन पोलॉककडून उचलले, ही दुसरी.

दुसरीचे उत्तर थोडक्यात देता येते. हार्टुंगची पूर्णतः अमूर्त जलरंगचित्रे १९२२ची आहेत आणि त्या वर्षी पोलॉक जेमतेम दहा वर्षांचा होता.

पहिली हरकत अधिक वजनदार आहे. वस्तुस्थिती आपण म्हणता तशीच आहे. १९३०च्या दशकापासून साधारण १९६०पर्यंत हार्टुंग बहुतांशी याच रीतीने काम करीत असे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. कागदावर हात खरोखरच वेगाने फिरलेला असे. अशा पुष्कळ रेखाटनांतून मोजकीच निवडली जात, आणि मग कोरड्या पडत चाललेल्या कुंचल्याची फाटकी कड, रेघ उचलताना निमुळते झालेले टोक, हे सारे तो कॅनव्हासवर सावकाश, नक्कलनविसाच्या चिकाटीने पुन्हा घडवी. मैफलीत अवचित सापडलेली जागा गायकाने पुढे जाणीवपूर्वक घेतली, तर तिला आपण खोटी म्हणत नाही. युद्धानंतर या चित्रांची वाखाणणी भावनेचा तत्क्षण झालेला स्फोट म्हणून झाली आणि हार्टुंगने तो समज खोडून काढण्याची घाई केली नाही, एवढा दोष मी त्याच्या पदरात जरूर घालीन.

शिवाय १९६०नंतर, म्हणजे व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाचा मोठा पुरस्कार पदरी पडल्यानंतर, तो थेट कॅनव्हासवरच रंगवू लागला. ओल्या रंगावर ओरखडे काढणे, झाडाच्या फांद्या रंगात बुडवून फटके मारणे, फवारणीयंत्राने रंग उडवणे, असे सर्व प्रकार त्याने केले. १९४४ मध्ये लढाईत एक पाय गमावलेला हा माणूस १९८६च्या पक्षाघातानंतरही चाकाच्या खुर्चीतून फवारे मारीत राहिला आणि मृत्यूच्या वर्षी, १९८९ मध्ये, त्याने शेकडो कॅनव्हास पुरे केले. आपल्या कसोटीनुसार ही चित्रे सर्वांत अस्सल ठरायला हवीत. मला मात्र त्यांतली बरीच सैल वाटतात, आणि चौकटी आखून मोठी केलेली १९५०च्या दशकातील काळ्या रेघांची चित्रे कितीतरी अधिक ताणलेली व जिवंत वाटतात.