गाडीत झोपलेला माणूस आणि कलम १८५

दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक मेसेज फिरायला लागतो. गटारीच्या सुमारास त्याची दुसरी फेरी होते. यंदा तो मला शाळेच्या ग्रुपवर आला, भावकीच्या ग्रुपवर आला, आणि एकदा तर माझ्याच एका अशिलाने ऑफिसात बसून मला वाचून दाखवला. मजकूर थोडक्यात असा:

‘सावधान! पार्टीनंतर गाडीत नुसते झोपलात तरी ड्रंक अँड ड्राइव्हची केस होते. किल्ली गाडीत सापडली की १०,००० दंड आणि ६ महिने जेल. किल्ली डिकीत टाकून मागच्या सीटवर झोपा, मग पोलीस हातही लावू शकत नाहीत. सोसायटीच्या आवारात हा कायदा चालत नाही. फुंकायला सांगितलं तर नकार द्या, तो तुमचा हक्क आहे. चार तास झोप काढा आणि बिनधास्त निघा. सर्वांना पाठवा.’

यातले दंडाचे आणि कैदेचे आकडे तेवढे बरोबर आहेत. बाकीचं का चुकीचं, ते सांगण्याआधी या अशिलाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

मित्राचा वाढदिवस होता. हा चार पेग प्यायला. गाडी चालवायची नाही एवढी अक्कल शाबूत होती, म्हणून बारच्या पार्किंगमध्येच सीट मागे करून झोपला. रात्री दोन-अडीचला वॉचमनने काचेवर टकटक केली. ‘साहेब, गेट लावायचंय. गाडी काढा.’ हा अर्धवट जागा झाला आणि त्याला पहिल्यांदा आठवला तो हा मेसेज. इथे थांबलो आणि कोणी पोलिसांना बोलावलं तर तसंही आत जाणारच, मग निदान घरी तरी पोचू, असा त्याने हिशेब केला. किल्ली फिरवली. दोन किलोमीटरवर नाकाबंदी होती. प्लास्टिकची नळी, ‘जोरात फुंका, अजून, अजून’, आणि यंत्रावर आकडा आला ७८. कायद्याची मर्यादा ३० आहे.

म्हणजे झोपलेला होता तोवर ज्या गुन्ह्याची त्याला धास्ती होती, तो गुन्हा त्याने घडवला तो त्या धास्तीपायीच. माझं या मेसेजशी भांडण आहे ते यासाठी.

आता पहिलं वाक्य. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम १८५ ची सुरुवातच अशी आहे की जो कोणी वाहन चालवत असताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करत असताना, त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळेल, त्याला शिक्षा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळचा दंड २,००० पर्यंतच होता, म्हणून जुने लोक अजून ‘दोन हजारांत सुटतो’ म्हणतात. ते सोडा. मुद्दा असा की गुन्हा दोनच क्रियापदांवर उभा आहे: चालवणं, किंवा चालवायचा प्रयत्न करणं. झोपणं तिसरं क्रियापद आहे आणि ते या कलमात नाही.

मग हे आलं कुठून? इंग्लंडहून आलं असावं, असा माझा अंदाज. तिथल्या १९८८ च्याच रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टमध्ये चालवण्याच्या गुन्ह्याशेजारी एक वेगळा गुन्हा आहे: मर्यादेपेक्षा जास्त पिऊन वाहन ‘ताब्यात असणं’. तिथे गाडीत झोपलेला माणूस खरोखर अडकू शकतो. नशा उतरेपर्यंत गाडी चालवण्याची शक्यताच नव्हती, हे त्याने दाखवलं तर सुटतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांतही गाडीवर ‘प्रत्यक्ष ताबा’ असणं पुरतं. किल्ली कुठे होती, कोणत्या सीटवर होतात, हे प्रश्न तिथे महत्त्वाचे ठरतात, कारण त्यांच्यावरून ताबा ठरतो. लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याला हा मेसेज पाठवलात तर तो निदान अर्धा तरी कामाचा आहे. नाशिकच्या काकांना पाठवू नका.

आपल्या संसदेला ‘ताबा’ हा शब्द ठाऊक नव्हता असंही नाही. आपल्याच मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ पाहा: वाहन चालवणाऱ्याने किंवा ते ताब्यात असलेल्याने सार्वजनिक जागी ते असंच उभं ठेवू नये, परवाना असलेला माणूस चालकाच्या सीटवर हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. धोकादायक जागी गाडी सोडून जाण्याबद्दलच्या कलम १२२ मध्येही ताबा आहे. १८५ मध्ये नाही. जिथे हवा होता तिथे शब्द घातला, जिथे नको होता तिथे घातला नाही, असंच कायदा वाचणारा म्हणेल.

पण याचा अर्थ गाडी प्रत्यक्ष हलताना पोलिसांनी डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे, असा नाही. द्रुतगती मार्गावर मधल्या लेनमध्ये गाडी तिरकी उभी आहे, इंजिन चालू, गाडीत एकटाच माणूस आणि तो स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरतोय. ती गाडी तिथे आकाशातून पडली नाही. टोलनाक्याचा कॅमेरा, सीसीटीव्ही, मागून येणारा ट्रकवाला, एवढ्यावरून ‘हा चालवत इथवर आला’ हे सिद्ध करता येतं. अशा माणसाला ‘मी तर झोपलो होतो’ हा बचाव मी तरी सुचवणार नाही.

यातूनच किल्लीचा प्रश्न सुटतो. १८५ मध्ये किल्ली हा शब्दच नाही. ती डिकीत टाकली म्हणून सुटका नाही, खिशात सापडली म्हणून गुन्हा नाही. किल्ली, सीट, इंजिन, दिवे या सगळ्या गोष्टी प्रयत्न होता की नव्हता हे ठरवताना पुरावा म्हणून बघितल्या जातात, तेवढंच. चालकाच्या सीटवर, इंजिन चालू, हेडलाइट लागलेले, गिअर पडलेला, असं चित्र असेल तर ‘मी एसीसाठी चालू केली होती’ हे पटवून देताना वकिलाला घाम फुटतो. मागच्या सीटवर, इंजिन बंद, बूट काढून पाय दुमडून झोपलेला माणूस गाडी चालवायचा प्रयत्न करत होता, असं म्हणणं सरकारी वकिलाला जड जातं. तेव्हा मागे झोपा, हा सल्ला वाईट नाही. त्याच्यामागची ‘मग पोलीस हातही लावू शकत नाहीत’ ही शेपटी वाईट आहे.

कारण आपल्या राज्यात आणखी एक कायदा आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याला तो माहीत नाही. १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा. रस्त्यावर किंवा लोकांना जाता येतं अशा कोणत्याही जागी स्वतःला सांभाळता येणार नाही इतका प्यालेला माणूस सापडला, किंवा पिऊन दंगा केला, तर त्या कायद्याचं कलम ८५ लागतं. नुसता प्यालेला सापडला आणि पिण्याचा परवाना नसला, तरी ८५ च. हो, महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा, आजन्म. बारमध्ये बसणाऱ्या किती जणांनी तो कधी पाहिलाय, हे विचारू नका. आणि काच वर केली म्हणजे गाडी ही खाजगी खोली झाली, असंही समजू नका. झारखंडहून पाटण्याकडे निघालेल्या गाडीला बिहारच्या नवादा जिल्ह्यात अडवलं, बाटली सापडली नाही, फक्त श्वासात दारू सापडली. आमची गाडी खाजगी आहे, ती सार्वजनिक जागा कशी, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०१९ ला तो फेटाळला. निकाल बिहारच्या कायद्यातल्या व्याख्येवर आहे हे खरं, पण सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीजवळ लोक जाऊ शकतात, हा त्यातला विचार इथल्या सरकारी वकिलाच्याही उपयोगाचा आहे. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदीच आहे. आणि नवापूर ओलांडून गुजरातेत शिरलात तर झोपलात की जागे होतात हा प्रश्नच गौण. परवान्याशिवाय प्यालात हाच गुन्हा.

सोसायटीचं आवार. गंमत अशी की १८५ मध्ये ‘सार्वजनिक जागी’ हे शब्दच नाहीत. ते आहेत कलम २०३ मध्ये, जिथे गणवेशातल्या पोलिसाला रस्त्यावर श्वासाची चाचणी मागायचा अधिकार दिलाय. म्हणजे आवारात चाचणीचा अधिकार वापरण्यावरून वकील वाद घालू शकतो. पिऊन तळघरात गाडी रिव्हर्स घेणं कायदेशीर आहे, असा वाद घालू शकत नाही.

फुंकायला नकार देणं हा हक्क? हे सगळ्या मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य. पिऊन चालवल्याचा वाजवी संशय असताना नकार दिला तर कलम २०३ खाली वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. पोलीस ठाण्यात नेऊन कलम २०४ खाली डॉक्टरकडून रक्त घेता येतं. आणि कलम २०५ म्हणतं की योग्य कारणाशिवाय दिलेला नकार हा सरकार पक्षाच्या पुराव्याला दुजोरा देणारी गोष्ट मानता येईल. तुम्ही यंत्राला आकडा दिला नाहीत, तर न्यायालय तुमच्या नकाराकडे बघतं. खरा हक्क वेगळाच आहे आणि तो कोणी फॉरवर्ड करत नाही: १८५ खाली पोलिसाने वॉरंटशिवाय अटक केली, तर अटकेपासून २ तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. कलम २०२ च्या परंतुकात आहे. अटकेची वेळ लक्षात ठेवा, शक्य असेल तर घरच्यांना ती मेसेज करून ठेवा. आणखी एक: हा गुन्हा जागेवर पावती फाडून मिटत नाही. तडजोडीच्या यादीत तो नाही. कोर्टाची पायरी चढावीच लागते.

राहिली चार तासांची झोप. शरीर दर १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास मद्य उतरवतं. कुणाचं थोडं कमी, कुणाचं जास्त. रात्री १ वाजता रक्तात १५० असेल तर पहाटे ५ ला ९० उरतं. मर्यादेच्या तिप्पट. ३० वर यायला सकाळचे ९ वाजतात. झोपेने, कॉफीने, थंड पाण्याने आंघोळ केल्याने हा वेग वाढत नाही; तोंडाला तरतरी येते आणि यंत्रावर आकडा तोच येतो. वाईट म्हणजे अशा माणसाला आपण ठीक आहोत असं खरंच वाटत असतं. पहाटेची वेळही वाईट. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पहाटेच एक गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. ७ जण गेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्य होतं, म्हणजे याच मापात ११२. सदोष मनुष्यवधाची ३ वर्षांची शिक्षा २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिथे कायद्याच्या आधी जीवच जातो. एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि प्यालेल्या माणसाला गुदमरतंय हे कळून जागही येत नाही. इंजिन बंद, काच चार बोटं खाली, आणि कुशीवर. उताणं झोपून उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते.

अशिलाने शेवटी विचारलं, ‘मॅडम, मग त्या वॉचमनला मी काय सांगायला हवं होतं?’ गाडी सकाळी नेतो म्हणायचं होतं. गेटला कुलूप लागू द्यायचं होतं, बाहेर येऊन रिक्षा बघायची होती, नाही मिळाली तर ज्याचा वाढदिवस होता त्याला उठवायचं होतं. तो मित्र त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता, जामीनदार म्हणून आलेला. मेसेज त्यानेच पाठवला होता.