उत्कृष्ट संग्रहालय, नग एक

पुरस्काराच्या फॉर्ममधला पहिलाच प्रश्न असा की मागच्या वर्षी तुमच्या संस्थेने समाजात कोणता बदल घडवला ते १५० शब्दांत लिहा. आता आमची संस्था म्हणजे तालुक्याच्या गावातलं वस्तुसंग्रहालय, जुना वाडा, खाली दोन दालनं वर एक, त्यात भांडी, दिवे, अडकित्ते, पोथ्या, थोडी नाणी आणि एका इनामदाराचं तैलचित्र, जे आपण जाऊ तिकडे बघतं म्हणून शाळेची पोरं त्याच्यासमोर पळापळी करतात. स्टाफ म्हणजे मी अभिरक्षक, तिकिटाला मामा आणि झाडलोटीला मावशी. ह्या तिघांनी मिळून समाजात काय बदल घडवला? मामांना विचारलं तर म्हणाले, समोरच्या रसवंतीवाल्याचा धंदा वाढला की.

हे सगळं सुरू झालं कारण आमच्या अध्यक्षांना अवॉर्ड पाहिजे. त्यांनी कुठेतरी वाचलं की मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धनाचा पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयालाही मिळाला, मग आपण काय कमी आहोत? मी म्हटलं साहेब, भाऊ दाजी लाड १८७२ ला उघडलंय, त्याच्या जीर्णोद्धाराला महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन अशी मंडळी एकत्र आली तेव्हा ते छत, ते खांब परत तसे दिसायला लागले. युनेस्कोची एक अट आहे इमारत ५० वर्षांपेक्षा जुनी पाहिजे, तिथे आपला वाडा आरामात पास, पण पुढे जीर्णोद्धार काय केला ते दाखवावं लागतं आणि आपण मागच्या बाजूला पत्रे टाकलेत. अध्यक्ष म्हणाले, पत्रे निळे आहेत, फोटोत चांगले येतील.

मग त्यांनी परदेशातले शोधायला सांगितले. ब्रिटनमध्ये आर्ट फंडाचा म्युझियम ऑफ द इयर आहे, २०१६ ला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला मिळाला तेव्हा बक्षीस एक लाख पौंड होतं, हा आकडा ऐकून अध्यक्ष जरा वेळ गप्पच बसले. तिथे फक्त तिकडचीच संग्रहालयं चालतात हे मी त्यांना चहा झाल्यावर सांगितलं. युरोपचा वेगळा आहे, १९७७ पासूनचा, त्यात हेन्री मूर ह्या शिल्पकाराचं ब्राँझचं अंडं मिळतं आणि ते वर्षभर ठेवून पुढच्या विजेत्याला द्यायचं असतं. हे अध्यक्षांना अजिबात पटलं नाही, म्हणाले आपल्याकडे आलेली वस्तू परत जात नाही, दाखल नोंदवहीत नंबर पडला म्हणजे पडला. गंमत म्हणजे ह्याच हेन्री मूरची आई आणि मूल ही मूर्ती आपल्या सातारा जिल्ह्यात औंधच्या संग्रहालयात आहे, औंधचे राजे पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३८ ला उभं केलेलं ते, आणि ती कुणाला परत द्यायची नाहीये. ही माहिती मात्र अध्यक्षांना फारच आवडली, तेव्हापासून येईल त्याला सांगतात.

शेवटी सापडला तो आपल्या देशातलाच एक पुरस्कार, नाव कशाला घ्या, प्रवेश फी आहे आणि ती परत मिळत नाही एवढं सांगतो.

दुसरा प्रश्न प्रेक्षकांचा. वर्षभरातले एकूण प्रेक्षक, वयोगटानुसार, महिला पुरुष, आणि संख्या वाढवण्यासाठी काय धोरण आखलं. तिकिटाची थोटकं आहेत, पण शाळेच्या सहली मामा बसवर मोजतात, दोन बस तीन बस असं, आणि बसमध्ये किती पोरं कोंबलीत ते सर लोकांनाही माहीत नसतं. वयोगट मामांच्या लेखी दोनच, हात लावणारे आणि हात लावू नका म्हटल्यावर लावणारे. धोरणाचं विचारलं तर म्हणाले पाऊस आला की वाढतात. खरं आहे ते, समोरच स्टँड आहे. मी फॉर्ममध्ये लिहिलं की प्रेक्षकसंख्येवर ऋतुमानाचा सकारात्मक परिणाम दिसतो.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया जोडा म्हणे. अभिप्राय वही काढली. खूप छान. छान. तलवारी कमी आहेत. वाघ नाही. पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी, हे इतक्या वेगवेगळ्या अक्षरांत आणि इतक्या वेगवेगळ्या शाईत आहे की ती वहीच एक दिवस काचेत ठेवावी लागणार. एका पानावर बदाम काढून आत दोन इनिशियल्स, ते मी तरुण वर्गाचा संस्थेशी भावनिक बंध ह्या सदरात टाकलं.

पण खरी वाट लागली आधी आणि नंतर ह्या फोटोंनी. पोथ्यांच्या दालनाची साफसफाई, नवी कपाटं, दिवे बदलणं हे काम आम्ही खरंच मनापासून केलंय. कागदाला आणि कापडाला ५० लक्सच्या वर उजेड नको असतो आणि आमच्याकडे पोथ्यांवर लग्नाच्या हॉलसारखे ट्यूबलाइट होते, ते काढले, कपाटात सिलिका जेल ठेवलं. नंतरचे फोटो ढीगभर. आधीचा एकही नाही, कारण धुळीचा फोटो कोण काढतं? मामा म्हणाले एका कपाटावर परत टाकू का धूळ, मागे अंगणात भरपूर आहे. मावशींनी हातातला झाडू खाली ठेवला आणि मामांकडे असं बघितलं की तैलचित्रातल्या इनामदारांनी नजर वळवली असेल.

नवोपक्रम ह्या रकान्यात मात्र मावशीच कामाला आल्या. सिलिका जेलचे खडे ओल शोषून निळ्याचे गुलाबी होतात, तापवले की परत निळे. आमच्याकडे ओव्हन नाही, मावशी वेगळ्या ठेवलेल्या कढईत शेगडीवर परततात, दारंखिडक्या उघड्या टाकून, आणि रंग फिरला की हाक मारतात, साहेब झाले. स्थानिक मनुष्यबळातून विकसित आर्द्रता नियंत्रण प्रणाली, असं लिहिलं. मावशींना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, ह्याचे पैसे वाढतात का?

अध्यक्ष मधूनमधून येऊन चिडायचे. म्हणायचे पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून वीस हजारांवर वस्तू जमवल्या, गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रहालय उभं केलं, त्यांनी कुठे लिहिलं होतं समाजात काय बदल घडवला १५० शब्दांत? मुद्दा बरोबर होता पण फॉर्म त्यांनीच आणलेला.

भरला एकदाचा. फाइल मोठी म्हणून नाकारली, लहान केली तर फोटो धूसर म्हणून नाकारली, मग भाच्याला बसवलं, त्यानं काय केलं माहीत नाही पण गेली. लगेच मेल आला की त्रयस्थ तज्ज्ञाचं लेखी मूल्यमापन जोडलेलं नाही, आठ दिवसांत पाठवा, आणि ज्युरी न कळवता भेट देऊ शकते.

हे शेवटचं वाक्य मी मामांना सांगायला नको होतं असं नाही, सांगणं भागच होतं, पण तेव्हापासून जो एकटा येईल तो ज्युरी. एका पेन्शनर आजोबांना खुर्ची आणि पंखा, एका एमपीएससीच्या मुलाला दोनदा चहा. मग एक दिवस शर्ट इन केलेला माणूस आला, वस्तूंकडे कमी आणि भिंतींकडे जास्त बघत, खिशातल्या वहीत काहीतरी लिहीत. मामांनी मला खूण केली, मी अध्यक्षांना फोन केला, अध्यक्ष जाकीट घालून हजर. पाहुण्यांना सगळा वाडा दाखवला, औंधची मूर्ती तोंडी दाखवली, बिस्किटं झाली, आणि शेवटी अभिप्राय वही पुढे केली. साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. वायरिंग फार जुने आहे, वरच्या मजल्यावर लोड जास्त, तातडीने बदलून घ्यावे. खाली सही, हुद्दा, वीज कंपनीचा शिक्का.

अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, त्रयस्थ आहे, तज्ज्ञ आहे, लेखी आहे, हे जोडता येईल ना रे?